लांबी

खाजाभाई म्हणाले, रविवारी गिऱ्हाईक येलालंय,
तोवर घर जरा माणसात आणा, वहिनी.
मी कॅलेंडरं उतरवली.
एका खिळ्याला एकाखाली एक सात निघाली,
दुधाचे खाडे, गॅसची तारीख,
आणि एका वर्षी दर बाराव्या चौकटीत
‘पाणी आलं’, यांच्या अक्षरात.

निळे ड्रम आठ. ते झाका म्हणाले.
ड्रम दिसले की माणूस नळाचं विचारतं.
लग्नातली सतरंजी टाकली त्यांच्यावर,
तर ते जास्तच ड्रम दिसायला लागले.

पत्र्याची खोली पाडायला दोन पोरं आली.
स्लॅबचं घर असताना बाजूला पत्रे कशाला,
औशात आमच्या वयाच्या कुणाला हे सांगावं लागत नाही.
खाजाभाईंनाही नाही.
पण नव्या लोकांना ते कळत नसतंय, म्हणाले,
त्यांना वाटतं म्हशीचा गोठा.
अकरा वर्षं झोपलो आम्ही त्या गोठ्यात.
पाऊस लागला की एकमेकांचं ऐकू यायचं नाही.
हे वायरमन, ड्यूटीचे रबरी बूट उशाशी ठेवायचे,
पळायची वेळ आली तर अनवाणी नको म्हणून.
पत्रे किलोवर गेले.
बूट कुणी मागितले नाहीत.

राहिली आतली खोली.
खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरलेली भेग,
गोधडीच्या दोऱ्याएवढी.
दर तीस सप्टेंबरला हे तिच्यासमोर उकिडवे बसत,
बॅटरी मारून तिचं टोक शोधत
आणि तिथं पेन्सिलीनं रेघ मारून साल घालत.
९४. ९५. ९६ बोटभर खाली.
९७ ला मी म्हटलं, बुजवून टाका की ओ एकदाची.
तर म्हणाले, बुजवली तर ती कुठवर गेली
हे कळायचं कसं?
२००१ पासून पुढं सगळी सालं एकाच रेघेपाशी,
जागा पुरेना म्हणून बारीक, आडवी, एकमेकांत घुसलेली.
२१ चं साल खुर्चीत बसून वाकून लिहिलंय.
त्याच्यापुढं काही नाही.

लायक पेंटरनं भिंत बघितली.
मावशी, हिला लांबी लागंल.
लिहिलीय की रे, म्हटलं, दोन फूट चार इंच.
तो हसला, मग मलाही हसू आलं.
मग त्यानं गुडघे टेकून सालं वाचली,
९८ वर बोट ठेवलं, म्हणाला, ह्यात मी झालो.
बाकी सगळी भेग भरून झाल्यावर
तेवढं ९८ त्यानं शेवटी बुजवलं.

रविवारी बिराजदार सर आले, उमरग्याचे,
बायको आणि तीनेक वर्षांची लेक.
सर दारं उघडझाप करत राहिले.
बाईंनी थेट सतरंजी उचलली, ड्रम मोजले,
आणि म्हणाल्या, हे ठेवून जाल का?
खाजाभाई खोकले.

आतल्या खोलीत त्यांनी विचारलं,
पलंग कुठं असायचा तुमचा?
भिंत पांढरी, अंड्याच्या टरफलासारखी.
सांगितलं नसतं तर चाललं असतं.
मी म्हटलं, ह्या भिंतीला लेकराची उशी नका करू.
आत भेग आहे. वाढत नाही.
दोन हजार एकपासून एक सूत वाढली नाही,
सालवार लिहून ठेवलंय.
खाजाभाई पंख्याकडं बघायला लागले.
कुठंय लिहिलेलं? सरांनी विचारलं.

मी भिंतीकडं बघितलं. लायकचं काम साफ असतं.

पोरगी आईचा हात सोडून
खिडकीखाली जाऊन उभी राहिली.
बाई म्हणाल्या, बरं, मग आम्ही बघायचं झालं
तर कुठून बघायचं?
मी गुडघे धरत खाली बसले.
रंग कालचा, आत लांबी अजून मऊ.
चाचपत गेले, खिडकीपासून खाली,
आणि अंगठ्याच्या नखानं आडवी रेघ ओढली.
इथून.